जास्तीची मूठ

"यंदापासून नानाची मूठ बंद," असं आबांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, आणि आईनं आत येऊन मला जळगावला फोन लावला. आवाज इतका खाली की मला वाटलं घरात कोणी आजारी पडलं. म्हटलं, अगं काय झालं? तर म्हणे, मूठ बंद. मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

परक्या माणसाला यात काय कळणार? म्हणून आधी मूठ म्हणजे काय ते सांगते. आमचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ, साडी, फुलं, रात्रभर बायकांची गाणी आणि सोमवारी सकाळी नदीवर बोळवण. तिच्या नैवेद्याला पुरणाचे रोट करतात, आणि त्या रोटांचे गहू मोजायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ टाकायची, वर थोडे दाणे सोडायचे. पाळण्यातलं पोरही मोजायचं. हे रोट खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. म्हणजे मलाही नाही, हे आलंच त्यात.

आमच्या घरातले सगळे पुरुष मोजून झाले की माझी आजी शेवटी एक मूठ जास्तीची टाकायची. नानांच्या नावानं. आता हे नाना आमचे कोण? कोणीच नाहीत. आडनाव वेगळं, जात वेगळी. नरडाण्याला एका कारखान्यात वॉचमन होते, आता घरीच असतात. दर कानबाईला संध्याकाळच्या गाडीनं यायचे, परीटघडीचा सदरा घालून. पुरुषांच्या पंगतीत बसायचे, रोट खायचे, आजीच्या पाया पडायचे आणि निघून जायचे. आबांशी एक शब्द नाही. आबा म्हणजे माझे मोठे काका, आजीचा थोरला मुलगा. दोघं जवळपास एकाच वयाचे, एकाच गावात वाढलेले, पण एकमेकांकडे पाहायचेसुद्धा नाहीत.

मला लहानपणापासून हे कोडं सुटलेलं नव्हतं, आणि कोडं सुटलं नाही की माझ्या पोटात दुखतं. मी आजीला विचारायचे, "नाना आपले कोण गं?" ती तिच्या अहिराणीत म्हणायची, "जेवाले येतस ना? मंग आपलेच शेतस." मी म्हणायचे, "मग शेजारचे काका पण जेवायला येतात, त्यांना का नाही रोट?" ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "तुले काय करनं शे, वकील?" वकील हे तिनं मला दिलेलं नाव. मला ते नाव आवडायचं, पण उत्तर काही मिळायचं नाही.

मोठी झाले, लग्न झालं, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. पहिल्याच कानबाईला माहेरी आले तर आजीनं मला वेगळी पुरणपोळी वाढली. वेगळ्या पिठाची, वेगळ्या तव्यावरची. तूप भरपूर घातलं होतं, ते मान्य. पण मी याच घरात जन्मले, याच अंगणात लंगडी खेळले, आणि मला रोट नाही. आणि नरडाण्याचा परका माणूस समोर बसून रोट खातोय! मी ताट पुढे सारलं. आजी म्हणाली, "खाय गुपचूप." मी खाल्लं, पण भांडून खाल्लं.

आजीची गंमत अशी होती की तिला रीत मोडायला अजिबात आवडायचं नाही, आणि माणसाला उपाशी ठेवायलाही अजिबात आवडायचं नाही. या दोन्हींत आयुष्यभर तिची ओढाताण चालली. सारी गल्ली तिला अक्का म्हणायची. कोणाची सून बाळंत झाली की डिंकाचे लाडू आमच्या घरून. कोणाच्या घरी कोणी गेलं की त्या घराची चूल पेटायच्या आत अक्का पिठलं आणि कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरींची पाटी घेऊन हजर. उन्हाळ्यात गल्लीभर बिबड्यांचे पापड वाळायचे, त्यांचं ज्वारीचं पीठ शिजवताना तिचाच हात लागायचा, कारण बाकीच्यांचं पीठ गुठळ्या धरायचं. आणि तोंड म्हणाल तर फाटकं! जिला भाकरी देईल तिलाच वर ऐकवेल, "गाल बसले तुझे, नवऱ्याला सांग दूध आणायला, नाहीतर मी येते सांगायला." आणि खरंच जायची सांगायला.

एक गोष्ट मात्र मी नीट पाहून ठेवली होती. गहू मोजायच्या दिवशी आजी आबांना समोर बसवायची. आबा शेतात असले तर कोणाला तरी पाठवायची. ते आल्याशिवाय पहिली मूठ पडत नसे. आई म्हणायची, थोरला मुलगा आहे ना, त्याचा मान. मलाही तसंच वाटायचं. पण मान असेल तर आबांचा चेहरा असा का व्हायचा? सगळी नावं होईपर्यंत ते बरे असायचे. नानांचं नाव आलं की छपराकडे बघायचे, खोकायचे, आणि मूठ पडली रे पडली की उठून गोठ्यात जायचे. आजी त्यांना जाताना पाहत राहायची. मग सूप उचलायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

आजी गेली त्या वर्षी वर्ष सरलं नव्हतं म्हणून कानबाई बसवली नाही. यंदा बसणार होती. गहू मोजायचा मान आता आईकडे आला होता. आबांच्या नातवाचा हा पहिला श्रावण, पाळण्यातल्या बाळाची पहिली मूठ पडणार म्हणून घरात सगळे खूश होते. आणि त्यातच आबांनी हे काढलं. आईनं विचारलं, का हो भाऊजी? तर म्हणाले, "आई होती तोवर तिचं ऐकलं. आता देवीचं काम देवीच्या रीतीनं होईल." माझे वडील आबांपुढे कधी तोंड उघडत नाहीत, तेव्हाही उघडलं नाही. नानांना निरोपही गेला म्हणे, की यंदा त्रास घेऊ नका.

मला इतका राग आला! अरे, म्हातारीचं वर्ष सरतंय न सरतंय, तोच तिची मूठ बंद? आणि खरं सांगू, रागाच्या खाली तीच जुनी खाज होती. आजी गेली, आता नानांची मूठही गेली, म्हणजे ती का होती हे मला या जन्मी कळायचं नाही. गहू मोजायच्या आदल्या दिवशीच मी रजा टाकली आणि सुरतेकडची पॅसेंजर धरली. माहेरी सांगितलं नाही. नरडाण्याला उतरले आणि विचारत विचारत नानांच्या दारात जाऊन उभी राहिले.

नाना खाटेवर बसून लसूण सोलत होते. मला पाहून दचकले. नानी पाणी घेऊन आल्या. मी प्रवासाचं, पावसाचं काही बोलत बसले नाही. म्हटलं, "नाना, तुम्ही आमचे कोण?"

ते हसले. "अक्का म्हणायची, ही वकील एक दिवस येईल." मग लसणाची परडी बाजूला सारली. बोलले ते सगळं अहिराणीत, मी माझ्या शहरी मराठीत सांगते.

नानांची आई आमच्या शेतात निंदणीला यायची. त्या श्रावणात ती तापानं पडली होती आणि घरात दाणा नव्हता. नाना तेव्हा लहान पोर, आबांच्या बरोबरीचा. दिवसभर दोघं एकत्र, बैलांमागे, नदीवर, चिंचेखाली. कानबाईच्या दिवशी आबांनी त्याला विचारलं, जेवलास का? नानांनी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा आबा घरात गेले आणि चड्डीच्या खिशात रोट कोंबून आले. गोठ्यामागे बसून दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. आबा म्हणाले, "कोनले सांगू नको."

"सांगायची गरजच पडली नाही," नाना म्हणाले. "तुझे आजोबा वैरण काढायला मागे आले. माझ्या हातात रोट, तोंडाला पुरण."

आजोबांनी काठी उचलली. रोट बाटला, देवी कोपणार, म्हणून ओरडायला लागले. आबा भिंतीला चिकटून उभे. तेवढ्यात आजी पिठाच्या हातानं धावत आली आणि मधे उभी राहिली. म्हणाली, "मी दिधा." आबांचं नावसुद्धा निघू दिलं नाही तिनं. आजोबा म्हणाले, तुला रीत माहीत नाही का? तर म्हणाली, "शे ना माहीत. रोट घरनासनीच खावाना ना? मंग यानी खादा. आते हाऊ घरना."

मी तिथं नानांच्या ओट्यावर मोठ्यानं हसले. अगं बाई, काय डोकं! रीत तर मोडली नाही, आणि पोरही वाचलं. रोट फक्त घरच्यांनी खायचा, यानं तर खाल्लाच आहे, मग याला घरचा करून टाका. मला वकील म्हणणारी स्वतः केवढी वकील होती! आजोबा म्हणे काठी टाकून निघून गेले.

"मग?" मी विचारलं.

"मग भादव्यात तुझ्या आजोबांना पान लागलं," नाना म्हणाले.

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आजोबा कपाशीत गेले ते बैलगाडीतून आणावे लागले. हे मला माहीत होतं. पण हे त्या श्रावणानंतरच्या भादव्यात झालं, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. गावानं मात्र लगेच जोडलं. परक्याच्या पोराला रोट चारला, देवीनं कुंकू पुसलं. तोंडावर बोलले तिच्या. ती तरणीताठी बाई, कडेवर माझे वडील, तान्हे. तिनं ऐकून घेतलं. एकदाही म्हणाली नाही की रोट माझ्या पोरानं दिला होता.

वर्ष सरल्यावर कानबाई बसली. भाऊबंदांतली म्हातारी माणसं गहू मोजायला मुद्दाम येऊन बसली, ही बाई आता काय करते ते बघायला. तिनं आबांना समोर बसवलं. बोलावणं पाठवून नानांनाही दारात उभं केलं. सगळ्यांची नावं घेतली आणि शेवटी नानांचं नाव घेऊन मूठ टाकली. एक म्हातारा ओरडला. ती म्हणाली, "भुक्या पोऱ्यावर कानबाई रागावत नही. रागावनारी ऱ्हाती ते मी तिले घरमा बसाडीच नसती."

"हे बोलली ती," नाना म्हणाले, "पण त्या म्हाताऱ्यांकडे बघून नाही. तुझ्या आबाकडे बघून. मला वाटायचं, ती मूठ माझी. मीही म्हातारा झालो तेव्हा कळलं, माझी नव्हती. दरवर्षी त्याला समोर बसवून टाकायची. बघ, पुन्हा टाकली. बघ, काही झालं नाही. एवढंच सांगायचं होतं तिला, पण तोंडानं सांगितलं तर रोट कोणी दिला ते उघड व्हायचं. म्हणून मुठीनं सांगितलं." मग परडी पुन्हा पुढे ओढली. "त्याला पटलं नाही कधी. माझ्याकडे पाहिलं की त्याला बापच दिसत असणार. मी तरी का येत होतो मग? अक्कासाठी. ती म्हणायची, तू आला नाहीस तर तो म्हणेल, खरंच काहीतरी झालं."

मी रडले. उगाच का खोटं सांगू? चहा गार होईपर्यंत रडले. मी रोटावरून जिच्याशी भांडले, ती काय काय पोटात घालून माझ्या पोळीवर तूप ओतत होती!

रात्र नानींकडे काढून दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा ओसरीवर नवं कापड अंथरलेलं, निवडलेले गहू परातीत, आई अंघोळ करून बसलेली. वडील, भाऊ, चुलतभाऊ, पाळणा, सगळे होते. आबा नव्हते. आई म्हणाली, सुरू करते. मी म्हटलं, "आबा आल्याशिवाय आजी सुरू करायची नाही." आणि गोठ्यात गेले.

आबा बैलासमोर चारा टाकत होते. टाकून झालेला चारा पुन्हा सारखा करत होते.

"चला, गहू मोजायचेत."

"तुझी आई मोजेल. मी सांगितलंय काय ते."

"मी नरडाण्याला जाऊन आले, आबा."

त्यांचा हात थांबला. मग विचारलं, "काय म्हणाला?"

"सगळं."

आबा तिथंच पाण्याच्या टाकीच्या काठावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाप माझ्यामुळे गेला."

"साप चावून गेले आजोबा."

"साप कोणी धाडला?"

सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याला साऱ्या गावात कोणी उलटून बोलत नाही, तो असं विचारतो. मला हसूही येईना आणि रागही येईना. म्हणाले, "आई होती तोवर ती आड उभी होती. मूठ तिची, काही झालं तर तिच्या माथी. मी गप्प बसलो. आता ती नाही. मूठ पडली तर माझ्या घरात पडेल. पाळण्यात पोर आहे, बाई."

म्हणजे हा हट्ट नव्हता, रीतभात नव्हती, नानांवरचा रागही नव्हता. त्या माणसाला नातवाची भीती वाटत होती. लहानपणी गोठ्यामागे बसलेली भीती तिथून उठलीच नव्हती. आजी मला वकील म्हणायची, पण ही वाद घालायची वेळ नव्हती. मी नानांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हातारे ओरडत होते तेव्हा आजी कोणाकडे बघत होती ते सांगितलं. मूठ कोणाची होती ते सांगितलं. आणि म्हटलं, "आबा, ती दरवर्षी टाकत होती. त्या मुठीच्या रोटावर माझे वडील वाढले, तुमचा मुलगा वाढला. आता त्याचं पोर पाळण्यात आहे. तिला भीती वाटली नसेल का हो? तिचीही पोरंच होती की समोर."

आबा उठले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी परत आले, आईला म्हटलं, थांब जरा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, ही आली आणि हिनं काय घोळ घातला म्हणून. पण थोड्या वेळानं मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. आबा हातपाय धुऊन आले आणि आपल्या जागेवर बसले.

आईनं नावं घेतली. आबांचं, वडिलांचं, मग पोरांची. बाळाची मूठ पडली तेव्हा सगळे हसले, कारण बाळ नेमकं तेव्हाच शिंकलं. मग आईचा हात परातीवरच राहिला. ती माझ्याकडे बघेना, आबांकडेही बघेना. आबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता उठणार. ते पुढे सरकले. परातीत स्वतः हात घातला, नानांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि मूठ टाकली. अर्धे दाणे कापडाबाहेर सांडले. आईनं ते एकेक वेचून आत टाकले. आबा बाळाकडे बघत होते. बाळ अंगठा चोखत होतं.

मग मला म्हणाले, "फोन लाव त्याला." मी लावून दिला. आबा फोनवर एवढंच म्हणाले, "रविवारी ये," आणि बंद करून टाकला. म्हटलं, वा, काय गोड बोलणं आहे!

रविवारी नाना आले. तोच परीटघडीचा सदरा. पंगतीत बसले, रोट, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं जेवले. आजीच्या फोटोच्या पाया पडले. मला वेगळी पोळी, अर्थातच. आईनं तूप जास्त घातलं आणि मी यंदा भांडले नाही. आबांनी मात्र पानातला रोट पूर्ण खाल्ला नाही, हे मी पाहिलं. हात धुतले आणि नानांना म्हणाले, "बैल पाहतो का?" आता नानांना बैलाचं काय नवल? पण ते उठले.

मी मागून गेले. जाणारच, मी कशी राहणार! गोठ्यामागे अंगणातल्या दिव्याचा थोडा उजेड होता. पुढे बायकांनी कानबाईची गाणी धरली होती. दोघं भिंतीला टेकून बसले. आबांनी बंडीच्या खिशात हात घातला, रोट काढला, मोडला आणि अर्धा पुढे केला. "धर," म्हणाले. नानांनी घेतला. दोघं खाली बघून खात होते. नानांचे डोळे वाहत होते आणि ते चावतही होते. मग तोंडातला घास गिळून ते आबांकडे वळले आणि खोटं खोटं घाबरून म्हणाले, "कोनले सांगू नको?"

आबांनी तोंड पुसलं. त्यांना कोपऱ्याशी उभी असलेली मी दिसले होते, तरी रागावले नाहीत.

"नही," म्हणाले. "आते बठ्ठासले सांग."

म्हणून सगळ्यांना सांगितलं.